आणखी चार माणसं द्या!

गेल्या महिन्यात आमच्या रिलीजची तारीख हुकणार असं दिसलं, तेव्हा "आणखी चार माणसं द्या" म्हणून मॅनेजरच्या मागे लागलेला मीच होतो. माणसं मिळाली. काम मात्र आणखीच लांबलं!

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टीम/३६० ही कॉम्प्युटरची मालिका जाहीर केली. तिची ऑपरेटिंग सिस्टीम बनवताना फ्रेड ब्रूक्ससमोर प्रश्न आला, स्पेसिफिकेशन कोणी लिहायचं? आर्किटेक्चरवाले दहाच जण होते. ते म्हणाले, नीट करू, पण ठरल्यापेक्षा तीन महिने जास्त लागतील. दुसऱ्या मॅनेजरकडे दीडशे माणसं. त्यांना रिकामं कसं बसवायचं? ब्रूक्सने काम दीडशेंना दिलं. तरी तीन महिने उशीर झालाच, वर कामाचा दर्जाही घसरला.

१९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये ब्रूक्सने ही चूक सरळ कबूल केली. त्याचा प्रसिद्ध नियमही त्यातलाच: उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर वाढतो. हिशोब सोपा आहे. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १०, दहा जणांत ४५. शिवाय नवख्यांना शिकवणार कोण? जुनेच.

आमच्याकडे तेच झालं. ज्याला सगळा कोड पाठ, तो दिवसभर शंका सोडवायचा आणि रात्री स्वतःचं काम करायचा. परवा त्याने राजीनामा दिला.

ब्रूक्सने चूक छापून मांडली. मला निदान सोमवारच्या मीटिंगमध्ये तरी बोलायला हवं.