घाटनांदूरला उतरा आणि 800 वर्षं मागे जा: अंबाजोगाई परिसरात काय पाहाल?

जॉर्डनच्या वाळवंटातलं पेट्रा तुम्ही रील्समध्ये नक्कीच पाहिलं असेल. डोंगर कोरून उभं केलेलं शहर! पण डोंगर कोरून तयार केलेलं मंदिर आपल्या दुष्काळी मराठवाड्यातही आहे, हे किती जणांना माहीत असतं? त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूर स्टेशनवर उतरलं तरी पुरतं.

घाटनांदूरच का?

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातलं गाव, लातूर रोड ते परळी वैजनाथ या रेल्वेमार्गावरचं. अंबाजोगाई शहरात रेल्वे जात नाही, त्यामुळे घाटनांदूर आणि परळी ही दोन स्टेशनंच जवळची. तिथून पुढे एसटी किंवा खासगी गाडीने जाता येतं.

हत्तीखाना : कळसाकडून नाही, कातळातून

अंबाजोगाईच्या या लेण्यांना जोगाईचा मंडप किंवा शिवलेणीही म्हणतात. पेट्राचा दगड वालुकाश्म, त्यामुळे कोरायला मऊ. इथला मात्र काळा बेसॉल्ट. तो फोडून खांबांच्या रांगा असलेला मोठा मंडप आणि पुढे मोकळं अंगण तयार केलं आहे. अंगणात दगडी हत्ती उभे आहेत, त्यावरूनच हत्तीखाना हे नाव पडलं.

एका बहिणीने भावासाठी बांधलेलं मंदिर

अंबाजोगाईतली सगळ्यात हृदयस्पर्शी जागा म्हणजे खोलेश्वर मंदिर. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा खोलेश्वर नावाचा पराक्रमी सेनापती होता. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत लढताना मारला गेला. रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारलं. ही गोष्ट आपल्याला कळते ती शके 1162, म्हणजे इ.स. 1240 च्या शिलालेखामुळे. भावाच्या मागे त्याच्या लहान मुलाच्या वतीने लक्ष्मीनेच कारभार पाहिला, हेही त्या लेखातूनच समजतं.

शहराजवळचं सकलेश्वर मंदिर लोक 'बाराखांबी' म्हणून ओळखतात. तिथला शिलालेख शके 1150, म्हणजे इ.स. 1228 चा आहे आणि तोही सिंघणाच्याच काळातला.

मराठी भाषेचा पत्ता

'विवेकसिंधु' या ग्रंथाचे कर्ते मुकुंदराज यांची समाधी इथे दाखवली जाते. परंपरेने या ग्रंथाचा काळ शके 1110, म्हणजे इ.स. 1188 मानतात. तो धरला तर हा ग्रंथ ज्ञानेश्वरीच्याही 100 वर्षं आधीचा ठरतो. संत दासोपंतही (1551 ते 1615) इथलेच. त्यांनी कागद सोडून थेट कापडावर ग्रंथ लिहिला. सुमारे 40 फूट लांबीची ती 'पासोडी' मराठीतलं एक नवल आहे.

शहराचं ग्रामदैवत योगेश्वरी. कोकणातल्या अनेक घराण्यांची ही कुलदेवता असल्याने इथे वर्षभर दूरदूरचे भाविक येतात.

आणखी वेळ असेल तर?

धर्मापुरीला केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी सावकाश पाहा. मग गावातला किल्लाही बघा. त्याच्या तटात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. परळीचं वैजनाथ मंदिर अंबाजोगाईपासून साधारण 25 किलोमीटरवर आहे. त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला.

कधी जावं, काय सांभाळावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये दगड तापतात, पावसाळ्यात निसरडे होतात. पाणी सोबत ठेवा, बॅटरी घ्या. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही वाचता येतात.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. शिलालेखावर खडू, पावडर किंवा तेल लावून फोटो काढू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून केलेला हा उपाय दगडाला मारक ठरतो. भिंतीवर नाव कोरणं, जुन्या दगडावर ऑइल पेंट मारणं हेही तसंच. लक्ष्मीचं आणि तिच्या भावाचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते दगडावरच्या काही ओळींमुळे. त्या पुसल्या गेल्या तर मंदिर राहील, पण ते कोणी आणि कोणासाठी बांधलं हे सांगायला काहीच उरणार नाही.

तेव्हा फोटो जरूर काढा, शेअरही करा. फक्त कॅप्शनमध्ये 'प्राचीन मंदिर' एवढंच न लिहिता गावाचं नाव, शक आणि बांधणाऱ्याचं नाव लिहा. ती माहिती वाचून पुढचा माणूस घाटनांदूरचं तिकीट काढेल.