दोन्ही डोळ्यांत मॅक्युलाची झीज: उपचार कसे होतात?

पन्नाशीनंतर डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजू शकतो. त्यामुळे वाचणे, चेहरे ओळखणे अवघड होते. कडेची नजर बहुधा टिकते. आजार दोन्ही डोळ्यांत असू शकतो, पण प्रत्येक डोळ्याचा टप्पा वेगळा असतो.

कोरडा प्रकार: हा हळूहळू वाढतो. मध्यम टप्प्यात क व ई जीवनसत्त्वे, जस्त, तांबे, ल्युटिन आणि झियाझँथिन असलेल्या गोळ्यांनी वाढ मंदावू शकते. गेलेली नजर मात्र परतत नाही.

ओला प्रकार: नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांतून स्राव झिरपतो. तो रोखण्यासाठी डोळा बधिर करून आत इंजेक्शन देतात. सुरुवातीला साधारण दरमहा, नंतर तपासणीनुसार अंतर वाढवत. रॅनिबिझुमॅबचा भारतीय पर्याय २०१५ मध्ये आला.

दोन्ही डोळे एकाच दिवशी? शक्य आहे. विरार पूर्वेतील चंदनसारहून मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या ज्येष्ठांची आणि सोबतच्या माणसाची लोकलची एक खेप वाचते. मात्र दोन्ही डोळ्यांत एकदम जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रत्येक डोळ्यासाठी निर्जंतुकीकरण, साधने आणि औषधाची कुपी वेगळी हवी. हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

इंजेक्शननंतर वेदना किंवा लाली वाढली, नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरी एकेक डोळा झाकून चौकटींचा कागद पाहा. दोन्ही डोळे उघडे असले, तर चांगला डोळा दुसऱ्याचा बिघाड लपवतो. रेषा वाकड्या दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.