प्रकाशीय तंतूंतील जालके

प्रकाशीय तंतूंतील जालके : काचेच्या तंतूच्या गाभ्यात प्रणमनांकाचे (निर्वातातील व माध्यमातील प्रकाशवेगांच्या गुणोत्तराचे) ठराविक अंतराने केलेले सूक्ष्म व टिकाऊ बदल म्हणजे तंतुजालक होय. अशा प्रत्येक बदलापाशी प्रकाशाचा अत्यल्प भाग मागे परावर्तित होतो. बदलांमधील अंतर व प्रणमनांक यांच्या गुणाकाराच्या दुपटीइतकी ज्या प्रकाशाची तरंगलांबी असते, त्याचे हे सर्व अंश एकमेकांस पूरक ठरतात. तेवढाच प्रकाश मागे फिरतो आणि बाकीचा जवळजवळ अबाधित पुढे जातो. डब्ल्यू. एल. ब्रॅग यांनी १९१२ मध्ये स्फटिकांकडून होणाऱ्या क्ष-किरणांच्या परावर्तनासाठी मांडलेला नियम येथेही लागू पडत असल्याने या जालकास ब्रॅग जालक असेही म्हणतात. दूरसंचारणात वापरल्या जाणाऱ्या १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी हे अंतर सु. ०·५३५ मायक्रोमीटर येते, म्हणजे १ सेंमी. लांबीच्या जालकात सु. १८,७०० रेषा असतात.

इतक्या सूक्ष्म रेषा काचेच्या पृष्ठावर नव्हे, तर तिच्या अंतर्भागात कशा आखावयाच्या, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. डेव्हिड रिटनहाउस यांनी १७८५ मध्ये बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर केस ताणून केलेले जालक, योझेफ फ्राउनहोफर यांची तारांची व पुढे कोरीव जालके आणि हेन्री रोलंड यांनी १८८२ च्या सुमारास आखणीयंत्रावर तयार केलेली अंतर्गोल जालके यांची परंपरा मोठी आहे; परंतु ती सर्व उघड्या पृष्ठाशी निगडित होती. तंतूचा गाभा काही मायक्रोमीटर जाडीचा व चोहोबाजूंनी काचेच्याच आवरणाने वेढलेला असतो. तेथे हिऱ्याचे टोक पोहोचत नाही. प्रकाश मात्र पोहोचतो.

ओटावातील शोध : हे प्रथम लक्षात आले ते अनपेक्षितपणे. कॅनडातील ओटावा येथील कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटर या संस्थेत केनेथ हिल व त्यांचे सहकारी १९७८ मध्ये जर्मेनियममिश्रित गाभ्याच्या तंतूत आर्‌गॉन लेसरचा निळा-हिरवा प्रकाश सोडून प्रयोग करीत होते. काही मिनिटांतच तंतूतून मागे येणारा प्रकाश वाढू लागला व पुढे जाणारा घटू लागला. तंतूच्या दूरच्या टोकावरून सु. ४ टक्के प्रकाश परत फिरत होता. पुढे जाणारा व परतणारा प्रकाश यांच्या व्यतिकरणाने तंतूत स्थिर तरंग निर्माण झाला होता आणि काचेने त्याचा ठसा धारण केला होता. बाहेरून कोणीही न आखलेले हे पहिले तंतुजालक.

शोध महत्त्वाचा असूनही पुढील दशकभर तो जवळजवळ अडगळीत राहिला. याचे कारण साधे होते. ज्या प्रकाशाने ठसा उमटे, त्याच तरंगलांबीचा प्रकाश जालक परतवी. दूरसंचारणाला निळ्या-हिरव्या प्रकाशाचा उपयोग नव्हता. डी. के. डब्ल्यू. लॅम व बी. के. गारसाइड यांनी १९८१ मध्ये असे दाखविले की, काचेतील बदल प्रकाशाच्या शक्तीच्या वर्गाच्या प्रमाणात होतो, म्हणजे तो दोन प्रकाशकण एकत्रितपणे घडवून आणतात. निळ्या प्रकाशाच्या दोन कणांची ऊर्जा जंबुपार पट्ट्यातील सु. २४४ नॅनोमीटरच्या एका कणाइतकी होते. या सूचनेचे चीज अमेरिकेतील युनायटेड टेक्नॉलॉजीज रिसर्च सेंटरमधील गेरी मेल्ट्झ, डब्ल्यू. डब्ल्यू. मोरी व डब्ल्यू. एच. ग्लेन यांनी १९८९ मध्ये केले. त्यांनी २४४ नॅनोमीटरच्या दोन शलाका तंतूवर बाजूने पाडल्या. शलाकांमधील कोन बदलला की रेषांमधील अंतर बदलते. त्यामुळे हव्या त्या तरंगलांबीचे जालक करता येऊ लागले. तंतुजालकांचा व्यावहारिक इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो. नाजूक जुळणीची गरज कमी करणारी कला-मुखवट्याची (सूक्ष्म खाचा असलेल्या सिलिका पट्टिकेची) पद्धती १९९३ मध्ये पुढे आली. त्याच वर्षी पी. जे. लेमेर व त्यांच्या बेल प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी तंतूत उच्च दाबाखाली हायड्रोजन भरून काचेची प्रकाशसंवेदनक्षमता अनेक पटींनी वाढविली.

बेल प्रयोगशाळेतच आशिष वेंगसरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दीर्घावर्ती जालकांचे विवेचन प्रसिद्ध केले. यांतील रेषांमधील अंतर शेकडो मायक्रोमीटर असते. असे जालक प्रकाश मागे न फिरविता गाभ्यातून आवरणात वळविते व तेथे तो नाहीसा होतो. एर्बियमयुक्त तंतुविवर्धकांची विषम वाढ समतल करण्यासाठी हे जालक विशेष उपयुक्त ठरले. तंतुजालकांवरील पुढील लेखनात या निबंधाचा निर्देश सातत्याने आढळतो.

जंबुपार पद्धतीच्या मर्यादा मात्र कायम राहिल्या. ठसा उमटण्यासाठी काचेत जर्मेनियमसारखा संवेदनक्षम घटक हवा. शुद्ध सिलिकेत तो सहजी उमटत नाही. तंतूवरील बहुवारिकाचे संरक्षक आवरण जंबुपार किरण शोषून घेत असल्याने ते खरवडावे लागे व उघडा पडलेला तंतू दुर्बळ होई. शिवाय असे जालक काही शे अंश से. तापमानास क्षीण होऊ लागते. भट्टी किंवा टरबाइन यांतील तापमान मोजावयाचे असेल, तर मोजणारेच साधन पुसले जाणार, अशी ही अडचण होती.

अतिलघू स्पंद : लेसरच्या तीव्र प्रकाशाने काचेस होणारी इजा ही १९६० नंतर लेसर-निर्मात्यांची कायमची डोकेदुखी होती. विवर्धकातील घटकांना अशी इजा होऊ नये म्हणून रॉचेस्टर विद्यापीठातील डोना स्ट्रिकलँड व झेरार मूरू यांनी १९८५ मध्ये स्पंद आधी ताणून, मग विवर्धित करून, शेवटी पुन्हा दाबण्याची युक्ती काढली (तीबद्दल त्यांना २०१८ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला). काच वाचविण्यासाठी काढलेल्या या युक्तीतून मिळालेल्या स्पंदांनीच पुढे काचेच्या पोटात हवी तेथे खूण करता यावी, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. विद्यापीठे व प्रयोगशाळा यांना असे स्पंद सुलभ झाले ते टायटॅनियम-सॅफायर लेसरमुळे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे विल्सन सिबेट यांच्या गटाने १९९१ मध्ये त्याचे स्वयंप्रेरित स्पंदन प्रसिद्ध केले.

फेमटोसेकंद म्हणजे एका सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. १०० फेमटोसेकंदांत प्रकाश केवळ ३० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी अंतर कापतो. ८०० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला काच एरवी पारदर्शक असते, कारण त्याच्या एका कणाची ऊर्जा सु. १·५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर सिलिकेतील इलेक्ट्रॉन मुक्त होण्यास सु. ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. परंतु स्पंद भिंगाने एका बिंदूवर केंद्रित केला, की तेथील तीव्रता इतकी वाढते की सहा किंवा अधिक प्रकाशकण एकाच वेळी शोषले जातात. ही क्रिया केंद्रबिंदूपुरतीच मर्यादित राहते. वरची काच तशीच राहते. उष्णता आसपास पसरण्यास पिकोसेकंद व त्याहून अधिक काळ लागतो, तोवर स्पंद संपलेला असतो. काचेत संवेदनक्षम घटक असण्याची अट येथे गळून पडते, आणि हाच या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा गुण होय.

जपानमधील क्योटो येथे काझुयुकी हिराओ यांच्या गटातील के. एम. डेव्हिस, के. मिउरा व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सिलिका, बोरेट, फ्ल्युओराइड इ. निरनिराळ्या काचांत अशा रेषा आखून दाखविल्या. त्यांचा प्रणमनांक वाढलेला असल्याने त्यांतून प्रकाश वाहून नेता येत होता. दीर्घावर्ती तंतुजालके या रीतीने १९९९ मध्ये तयार झाली. अर्ध्या मायक्रोमीटरच्या ब्रॅग जालकांना आणखी काही वर्षे लागली. ती सिद्ध केली पुन्हा ओटावाच्या त्याच संस्थेने : स्टीफन मिहाइलोव्ह व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कला-मुखवटा व ८०० नॅनोमीटरचे स्पंद यांचा मेळ घातला. इंग्लंडमधील ॲस्टन विद्यापीठात ए. मार्टिनेझ, आय. बेनियन इत्यादींनी २००४ मध्ये मुखवटाही वगळला. तंतू एकसारख्या वेगाने सरकवीत प्रत्येक स्पंदाने एक खूण करण्याची त्यांची रीत शिवणयंत्राच्या टाक्यांची आठवण करून देते. वेग बदलला की तरंगलांबी बदलते. २००६ मध्ये त्यांनी संरक्षक आवरण न काढताच, त्याच्या आरपार जालके आखली.

तीव्र स्पंदांनी कोरलेली जालके १,०००° से. तापमानात १०० तासांहून अधिक काळ टिकल्याचे आढळले आहे. सॅफायरच्या तंतूतील जालके तर ओटावा येथे २००४ मध्ये १,५००° से.पर्यंत तपासण्यात आली. तापमान अंशाने बदलले की सिलिका तंतूतील जालकाची परावर्तित तरंगलांबी सु. ०·०१ नॅनोमीटरने सरकते. ताणानेही ती सरकते. त्यामुळे पूल, भट्ट्या, विमानांचे पंख अशा ठिकाणी ही जालके संवेदक म्हणून वापरता येतात. मात्र टिकाऊपणाची किंमत द्यावी लागते : काच जितकी खोलवर विस्कटावी, तितका प्रकाश विखुरला जाऊन वाया जातो. दूरसंचारणासाठी म्हणूनच जंबुपार जालकांचे महत्त्व कमी झालेले नाही.

स्पंदांच्या माऱ्याने काचेत आपोआप उमटणारी जालके हे या विषयातील सर्वांत कुतूहलजनक प्रकरण आहे. क्योटो व साउदॅम्प्टन येथील वाय. शिमोत्सुमा, पी. जी. काझान्स्की इत्यादींनी २००३ मध्ये सिलिकेत तरंगलांबीहूनही लहान अंतराचे समांतर पापुद्रे पाहिले. त्यांची दिशा प्रकाशाच्या ध्रुवणावर अवलंबून असते. ओटावा येथे पॉल कॉर्कम यांच्यासमवेत २००६ मध्ये या रचनांवर निबंध प्रसिद्ध करणाऱ्यांत व्ही. आर. भारद्वाज व पी. पी. राजीव हे होते. दोघांचेही आधीचे संशोधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले होते.

याच संस्थेत दीपक माथुर, जे. ए. धर्माधिकारी, ए. के. धर्माधिकारी व सहकाऱ्यांनी बोरोसिलिकेट काचेत अल्प आवर्तनाच्या फेमटोसेकंद लेसरने कमी हानीचे तरंगमार्ग आखण्याचे काम २०११ मध्ये प्रसिद्ध केले. त्वरेने येणाऱ्या स्पंदांत उष्णता साठत जाऊन रेषेचा छेद गोलसर होण्यास मदत होते. सावकाश येणाऱ्या स्पंदांत ती सोय नसल्याने भिंगांची मांडणी व काच सरकविण्याचा वेग यांवरच भिस्त ठेवावी लागते. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने वेगळी वाट धरली : तेथे ताम्रबाष्प लेसरचा हिरवा प्रकाश निम्म्या तरंगलांबीस आणून मिळणाऱ्या २५५ नॅनोमीटरच्या जंबुपार किरणांनी ब्रॅग जालके तयार करण्यात आली.