राखाडी चौकोनामागे काय असतं? लिनक्सवरची जुनी प्लगइन आणि इतिहासाची साधनं

संदर्भ शोधताना एखादा जुना दुवा हाती लागतो. पान उघडतं, पण जिथे पुस्तकाचं पान किंवा गाणं असायला हवं तिथे नुसता राखाडी चौकोन दिसतो. खाली एक ओळ: हे पाहायला अमुक प्लगइन लागेल. ते प्लगइन आता मिळत नाही आणि मिळालं तरी ब्राउझर ते घेत नाही. बहुतेक जण इथेच वहीत ‘दुवा बंद’ असं लिहून पुढे जातात.

मित्रांनो, एवढ्यावर पुढे जाऊ नका. राखाडी चौकोन दिसला म्हणजे साधन नष्ट झालं, असं होत नाही. कधी साधन शाबूत असतं आणि ते दाखवणारा तुकडा तेवढा मेलेला असतो. कधी तुकडा मिळतो, पण साधनच उरलेलं नसतं. यातला फरक ओळखणं हा आता साधनचिकित्सेचाच भाग झालाय. म्हणून आज या प्लगइनचा थोडक्यात इतिहास, तोही लिनक्स वापरणाऱ्याच्या बाजूने. आपल्यापैकी बरेच जण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकूनच काम करतात, आणि या इतिहासात सगळ्यात जास्त अडवणूक त्याच वापरकर्त्याची झाली आहे.

प्लगइन म्हणजे काय होतं?

सुरुवातीच्या ब्राउझरला मजकूर आणि दोन-चार प्रकारची चित्रं एवढंच दाखवता येत असे. आवाज, चलचित्र, पीडीएफ यातलं काही त्याला कळत नव्हतं. १९९५-९६ मध्ये नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीत एक सोय आली. पानावर अनोळखी प्रकारची फाइल आली की ब्राउझर आपल्याकडची यादी बघणार आणि त्या प्रकाराची जबाबदारी ज्या बाहेरच्या प्रोग्रॅमने घेतली असेल, त्याला पानातला तेवढा चौकोन देऊन टाकणार. चौकोनात काय दाखवायचं हे त्या प्रोग्रॅमने ठरवायचं. हा बाहेरचा प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन, आणि ब्राउझर व प्लगइन यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांना एनपीएपीआय म्हणत. रिअलप्लेअर, क्विकटाइम, फ्लॅश, जावा ही सगळी मंडळी याच दारातून आत आली.

लिनक्सवर प्लगइन बसवणं दिसायला सोपं होतं. ‘डॉट एसओ’ शेपटीची एक फाइल होम फोल्डरमधल्या ‘मोझिला’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात, त्यातल्या ‘प्लगइन्स’मध्ये ठेवायची आणि ब्राउझर पुन्हा सुरू करायचा. पत्त्याच्या जागी ‘अबाउट प्लगइन्स’ टाकलं की यादीत ते दिसायला हवं. अडचण असायची ती फाइल मिळण्याची. प्लगइन बनवणाऱ्या कंपन्या आधी विंडोजचा विचार करत. प्रोग्रॅमचा मूळ कोड बंद असल्यामुळे लिनक्सवाल्यांना तो स्वतः बांधून घेता येत नसे. परवाना आणि पेटंटच्या भानगडींमुळे उबुंटूसारख्या वितरणांना अशा गोष्टी मूळ डिस्कवर देता येत नसत. त्या मागाहून वेगळ्या उतरवाव्या लागत, आणि त्यासाठी इंटरनेट बरं असावं लागे.

फ्लॅशचंच बघा. त्याची आठवी आवृत्ती लिनक्सवर कधी आलीच नाही. सातवीनंतर थेट नववी आली, ती जानेवारी २००७ मध्ये. तोवर ‘आठवी आवृत्ती लागेल’ म्हणणारी पानं लिनक्सवर बंदच. मग ६४ बिटची यंत्रं आली आणि प्लगइन ३२ बिटचीच राहिली. दोघांची गाठ घालायला ‘एनएसप्लगइनरॅपर’ नावाचा दुभाषा मध्ये बसवावा लागे. २०१२ मध्ये अडोबीने लिनक्सवरच्या फायरफॉक्ससाठी फ्लॅशच्या नव्या आवृत्त्या थांबवल्या आणि फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं चालू ठेवलं.

नंतर दारच बंद झालं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये एनपीएपीआय काढून टाकलं. मार्च २०१७ च्या फायरफॉक्स ५२ ने फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन नाकारली. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशही संपलं. या प्लगइनमध्ये सुरक्षेची भोकं फार होती, त्यामुळे निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण या दारातून जे जे दिसत होतं, त्याचं पुढे काय झालं हा प्रश्न इतिहासवाल्यांनी विचारायलाच हवा. उत्तर सगळीकडे सारखं नाही. चार उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण: पान वाचलं, दार गेलं

‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हे नाव मराठी संशोधकाने ऐकलेलं असतंच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तकांचा प्रकल्प सुरू झाला. त्याचा भारतातला भाग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने इतर संस्थांना घेऊन उभा केला. जुनी मराठी पुस्तकं त्यात मोठ्या संख्येने आली. आमच्या अकलूजसारख्या ठिकाणी याचं मोल वेगळं होतं. इथे रेल्वे नाही, आणि पुण्या-मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयात एक पुस्तक बघून यायचं म्हटलं तरी एसटीने दिवस मोडतो.

पण पुस्तक पडद्यावर यायचं ते टिफ या प्रकारातल्या चित्रांनी, एकेक पान करून. स्कॅनिंगसाठी टिफ उत्तमच. काळ्या-पांढऱ्या पानाला तो कमी जागेत आणि काहीही न गाळता साठवतो. मात्र बहुतेक ब्राउझरना टिफ दाखवता येत नाही. विंडोजवर त्यासाठी प्लगइन मिळत. लिनक्सवर मोझप्लगरसारखा मध्यस्थ बसवून ते चित्र दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवावं लागे. ज्याला हे जमलं नाही, त्याच्यासाठी ते पुस्तक नसल्यातच जमा. शिवाय शीर्षकं रोमन लिपीत, वाटेल तशी लिहिलेली, त्यामुळे पुस्तक सापडणंही नशिबावर.

पुढे स्वामित्वहक्काचे प्रश्न उभे राहिले आणि ते संकेतस्थळ बंद झालं. पण त्याआधी त्यातली चार लाखांहून जास्त पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर पोचली होती. आज तिथे ती पीडीएफ म्हणून कोणत्याही यंत्रावर उघडतात. हे शक्य झालं ते दोन गोष्टींमुळे: टिफची रचना जगजाहीर होती, आणि फाइलींची प्रत दुसरीकडे होती. शीर्षकांच्या चुका मात्र तिथेही जशाच्या तशा गेल्या. म्हणून शोधताना एकाच नावाची चार-पाच स्पेलिंग करून बघा.

दुसरं उदाहरण: चिठ्ठी राहिली, गाणं गेलं

रिअलऑडिओ १९९५ मध्ये आलं. फोनच्या तारेवरच्या मंद इंटरनेटवर आवाज ऐकवणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. हिंदुस्थानी संगीताच्या रसिकांनी त्याचा भरपूर उपयोग केला. गोव्याचे राजन पर्रीकर यांनी २००० च्या आसपास रागांवर इंग्रजीत सविस्तर लेख लिहिले, त्यांत मुद्द्यागणिक ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडलेले असत. वाचायचं आणि तिथेच ऐकायचं. असा लेख आवाजाशिवाय वाचला तर अर्धाच हाती लागतो. पुढे हे लेख त्यांच्या संगीतसंग्रहाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर गेले, म्हणून आज ते ऐकता येतात. पण त्या काळात अशा प्रकारे ठेवलेल्या सगळ्याच आवाजांची कुणी इतकी काळजी घेतली नाही.

इथली खरी मेख लक्षात ठेवा. रिअलऑडिओच्या पानावर बहुतेक वेळा ‘रॅम’ शेपटीची फाइल असे. ती जपून ठेवली म्हणजे गाणं जपलं असं वाटतं. पण ती नुसती चिठ्ठी असते. साध्या मजकुरात एक-दोन ओळी, गाणं कोणत्या सर्व्हरवर आहे त्याचा पत्ता. सर्व्हर बंद पडला की हातात उरतो तो पत्ता. म्हणजे आज ध्वनीचा प्रकार उलगडणारं साधन आपल्याकडे आहे, एफएफएमपेगच्या मंडळींनी रिअलऑडिओची गुपितं उलट बाजूने शोधून काढली आहेत आणि व्हीएलसीत ती फाइल वाजते. पण वाजवायला फाइल हवी ना!

तिसरं उदाहरण: फाइल आहे, वागणूक अर्धी

फ्लॅशची गोष्ट आणखी वेगळी. टिफ म्हणजे चित्र, रिअलऑडिओ म्हणजे आवाज. फ्लॅशची फाइल म्हणजे छोटा प्रोग्रॅमच, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणारे नकाशे, धडे, खेळ. अशा साधनाची नुसती छबी घेऊन भागत नाही, ते चालवावं लागतं. ‘रफल’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम आज हे काम करतो, आणि नोव्हेंबर २०२० पासून इंटरनेट आर्काइव्हही तो वापरतं. साध्या फाइली त्यात छान चालतात, गुंतागुंतीच्या काही अडतात. त्यामुळे ‘मी हे साधन पाहिलं’ असं लिहिताना ते कशात पाहिलं हेही लिहायला हवं. मूळ प्लगइनमध्ये ते तसंच दिसत होतं याची खात्री आपल्याला नसते.

चौथं उदाहरण: मजकूर आहे, अक्षर नाही

हे प्लगइनचं नात्यातलं भावंड, आणि मराठीवाल्यांना सगळ्यात जवळचं. युनिकोड रुळण्याआधी मराठी संकेतस्थळं आपापल्या फाँटवर चालत. प्रत्येक फाँटची अक्षरांची मांडणी वेगळी. काही स्थळं फाँट पानासोबतच पाठवत, पण तो प्रकार इंटरनेट एक्सप्लोररपुरता. लिनक्सवर फायरफॉक्समध्ये रोमन अक्षरांचा नुसता काला दिसे. ‘पद्मा’ नावाचं एक्स्टेन्शन टाकलं तर काही फाँटांचा मजकूर वाचनीय होई. आजही वेबॅक मशीनवर त्या काळातली मराठी पानं उघडली की तोच काला समोर येतो. ते पान बिघडलेलं नाही. पानाच्या सोर्समध्ये फाँटचं नाव शोधा आणि त्या फाँटचा युनिकोड परिवर्तक वापरा, मजकूर परत मिळतो.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद न वाचणाऱ्याला मुकेच असतात. फरक एवढाच की मोडी शिकता येते, तिची पुस्तकं आहेत, वर्ग भरतात. एखाद्या कंपनीने आपल्या फाइलीची रचना कुणाला सांगितलीच नसेल, तर तिचं ‘मोडी वाचन’ शिकवणार कोण?

मग आज लिनक्सवर काय करायचं?

जुनं प्लगइन शोधायला लगेच धावू नका. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली ‘डॉट एसओ’ फाइल म्हणजे घरात अनोळखी माणूस घेण्यासारखं आहे. क्रम असा ठेवा.

१. पानाचा सोर्स उघडा आणि ‘एम्बेड’ किंवा ‘ऑब्जेक्ट’ हे शब्द शोधा. मूळ फाइलचा पत्ता तिथे असतो.

२. ती फाइल थेट उतरवून बघा. मिळाली नाही तर तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाका.

३. टर्मिनलमध्ये ‘फाइल’ ही आज्ञा देऊन प्रकार तपासा. शेपटीवर विश्वास ठेवू नका. ही आज्ञा आतला मजकूर बघून सांगते.

४. टिफ असेल तर ऑक्युलर किंवा एव्हिन्स, आवाज-चलचित्र असेल तर व्हीएलसी, फ्लॅश असेल तर रफल. बहुतेक कामं इथेच संपतात.

५. काहीच चाललं नाही, तरच जुनं प्लगइन. तेही रोजच्या यंत्रावर नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनं डेबियन बसवा, त्यात फायरफॉक्सची ५२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती, कारण नेहमीच्या ५२ ने प्लगइन बंद केली तरी तिने ती चालू ठेवली होती. प्लगइन आणि ब्राउझर दोन्ही ३२ बिटचे किंवा दोन्ही ६४ बिटचे असू द्या. फाइल आत नेली की नेटवर्क तोडा. फ्लॅशच्या शेवटच्या आवृत्त्या १२ जानेवारी २०२१ नंतर स्वतःहून चालणं बंद करतात, हेही माहीत असू द्या.

आणखी एक. साधन उघडता आलं म्हणजे ते वाटून टाकायचा हक्क मिळाला असं नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो.

वहीत एक रकाना वाढवा

आपण संदर्भ लिहिताना लेखक, वर्ष, पृष्ठ, दुवा, पाहिल्याची तारीख लिहितो. त्यात आणखी तीन गोष्टी घाला: फाइल कोणत्या प्रकारची होती, कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडली, आणि आपल्याकडे तिची प्रत आहे की नुसता पत्ता. मार्गदर्शक विचारणार नाहीत कदाचित, पण पाच वर्षांनी प्रबंधाचं पुस्तक करायला बसाल तेव्हा याच नोंदी उपयोगी पडतील.

हे फक्त जुन्यासाठी नाही. उद्या कुणी अकलूजच्या लावणी स्पर्धांवर काम करायला घेतलं, तर त्याच्या पुढ्यात कॅसेटी, व्हीसीडी आणि जुन्या मोबाइलवर घेतलेली बोटभर आकाराची चित्रणं येतील. व्हीसीडीची रचना जाहीर आहे, ती उघडेल. मोबाइलची चित्रणंही आज व्हीएलसीत चालतात. पण कुणाच्या तरी फोनमध्येच राहिलेल्या चित्रणाला कोणताही प्लेअर वाचवू शकत नाही. म्हणून क्षेत्रकार्याला जाल तेव्हा आधी मूळ फाइलची प्रत मागून घ्या, प्रकार लिहून ठेवा, आणि मगच प्रश्न विचारायला बसा.