नेल्सन, डॉन
नेल्सन, डॉन : (१५ मे १९४०– ). अमेरिकन बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे. खेळाडू म्हणून बॉस्टन सेल्टिक्सकडून पाच विजेतेपदे (१९६६, १९६८, १९६९, १९७४, १९७६). पुढे मिलवॉकी बक्स (१९७६–८७), गोल्डन स्टेट वॉरियर्स (१९८८–९५ व २००६–१०), न्यूयॉर्क निक्स (१९९५–९६) आणि डॅलस मॅव्हरिक्स (१९९७–२००५) या संघांचे मुख्य प्रशिक्षक. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेच्या साखळी सामन्यांत प्रशिक्षक म्हणून विक्रमी १,३३५ विजय. हा विक्रम मार्च २०२२ मध्ये ग्रेग पॉपोविच यांनी मोडला. प्लेऑफमध्ये मात्र ७५ विजय व ९१ पराभव. प्रशिक्षक म्हणून त्यांना अंतिम मालिका एकदाही गाठता आली नाही.

त्यांच्या खेळपद्धतीला ‘नेली बॉल’ म्हणतात. तिचा उगम उणिवेत आहे. हाताशी दमदार उंच सेंटर नसेल, तर बुटके पण चपळ खेळाडू उतरवायचे, चेंडू झटपट पुढे न्यायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या उंच खेळाडूला बास्केटपासून दूर पळवायचे. मिलवॉकीत त्यांनी चाल रचण्याचे काम पॉल प्रेसीसारख्या फॉरवर्डकडे दिले. त्यातून ‘पॉइंट फॉरवर्ड’ ही भूमिका रुळली. ७ फूट ७ इंच उंचीच्या मनूट बोलला त्यांनी थेट तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकी करायला लावल्या. काही प्रयोग फसलेही. डिसेंबर १९९७ मध्ये फ्री थ्रोत कच्च्या समजल्या जाणाऱ्या शिकागोच्या डेनिस रॉडमनला मुद्दाम फाउल करण्याचे काम डॅलसच्या बबा वेल्सवर सोपवले. वेल्स तीन मिनिटांत सहा फाउल करून बाद झाला आणि रॉडमनने १२ पैकी ९ फ्री थ्रो यशस्वी केले.

प्लेऑफमधील अपयशाचे खापर सहसा या पद्धतीवर फुटते. प्रो कबड्डीच्या एलिमिनेटरमध्ये एका सामन्यात निकाल लागतो; एनबीएत मात्र त्याच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत झुंजावे लागते आणि तेवढ्या वेळात अनपेक्षित डावपेचांवर उतारा सापडतो. गोल्डन स्टेटपुरता हा आक्षेप रास्त आहे. तिथे बचाव आणि रिबाउंड दोन्ही कच्चे होते. मिलवॉकीला तो लावणे अन्यायाचे ठरेल. तो संघ बचावात कणखर होता आणि १९८० ते १९८६ सलग सात वर्षे आपल्या गटात अव्वल राहिला. १९८३ मध्ये त्याने सेल्टिक्सला ४–० असे हरवले. पुढची गाठ मोझेस मलोनच्या फिलाडेल्फियाशी पडली. त्या संघाने अख्ख्या प्लेऑफमध्ये एकच सामना गमावला, तोही मिलवॉकीविरुद्ध. १९८४ व १९८६ मध्ये लॅरी बर्डच्या सेल्टिक्सने वाट अडवली. मिलवॉकीकडे त्या तोडीचा खेळाडू नव्हता, हेच खरे कारण.

डॅलसमध्ये २००३ साली पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत डर्क नोविट्झकीचा गुडघा दुखावला. तो परतण्याची चर्चा असूनही नेल्सन यांनी त्याला उतरवले नाही. सॅन अँटोनियोने मालिका ४–२ अशी जिंकली. तरुण खेळाडूच्या कारकिर्दीचा विचार करणारा तो निर्णय योग्यच होता.

२००७ मध्ये त्यांच्या आठव्या मानांकित गोल्डन स्टेटने ६७ विजय मिळवलेल्या डॅलसला पहिल्याच फेरीत ४–२ असे नमवले. सात सामन्यांच्या मालिकेत आठव्या मानांकिताने अव्वल संघाला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्या फेरीत युटाकडून ते हरले.

वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून तीनदा निवड (१९८३, १९८५, १९९२). १९९४ च्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या प्रशिक्षणाखाली अमेरिकेला सुवर्णपदक. २०१२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समावेश.