दुःखाची खूण रक्तात शोधताना

मधुमेह आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीतून कळतं. नैराश्याचं तसं नाही. डॉक्टर विचारतात, रुग्ण सांगतो आणि त्यावरून निदान होतं. त्यामुळे रुग्णावर आजारासोबत आणखी एक ओझं येतं. आपण खरोखर आजारी आहोत, हे घरच्यांना पटवून द्यायचं. ‘इमान कमजोर झालंय’, ‘कामाला लाग, सगळं ठीक होईल’ असे शेरे तो ऐकत राहतो. शरीरात या आजाराची एखादी पक्की खूण सापडावी, ही आस म्हणूनच फार जुनी आहे.

ग्रीक वैद्यांनी ती काळ्या पित्तात शोधली. ‘मेलँकोलिया’ या शब्दाचा मूळ अर्थच काळं पित्त. अरबी वैद्यकात त्या पित्ताला ‘सौदा’ म्हटलं गेलं. युनानी हकीम आजही दम, बलगम, सफरा आणि सौदा या चार द्रवांची भाषा बोलतात. उर्दूतला ‘सौदाई’, म्हणजे वेडा, हा शब्द त्याच सौदातून आला.

बल्खचे विद्वान अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला. देह आणि मन दोघांचं आरोग्य हा त्याचा विषय. त्यात त्यांनी दुःखाचे दोन प्रकार केले. एकाचं कारण ठाऊक असतं, जसं की जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा संपत्तीचं नुकसान. दुसऱ्याचं कारण दिसत नाही. त्याचं मूळ त्यांनी शरीरात, रक्ताच्या बिघाडात मानलं आणि त्यासाठी शारीरिक उपचार सुचवले. अकारण दुःखाला त्यांनी दुबळेपणा म्हटलं नाही, आजार म्हटलं.

पुढे इब्न सिना (मृत्यू १०३७) यांनी ‘अल-कानून’मध्ये प्रेमविकाराचं वर्णन मालिखुलियाच्या जवळ जाणारा आजार म्हणून केलं. रुग्ण मनातलं नाव सांगत नसेल तर त्याची नाडी धरावी, एकेक नाव घ्यावं आणि कोणत्या नावाला नाडी बदलते ते पाहावं, अशी त्यांची पद्धत होती. मनातलं शरीरावर वाचण्याचा हा प्रयत्नच होता.

आधुनिक काळात अशीच मोठी आशा १९८१ साली निर्माण झाली. अमेरिकेत बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्याच्या ‘मेलँकोलिया’ या प्रकारासाठी डेक्सामेथासोन चाचणी मांडली. रात्री या औषधाची १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातलं कॉर्टिसोल मोजायचं. निरोगी माणसात ते घटतं, अनेक रुग्णांत मात्र चढंच राहतं. चाचणी झपाट्याने पसरली. मग अडचणी दिसू लागल्या. वजन घटलं, दारूचं व्यसन असलं किंवा दुसरा एखादा आजार असला तरी निकाल बिघडायचा. उलट, नैराश्याच्या कित्येक रुग्णांचा अहवाल अगदी नॉर्मल यायचा. काही वर्षांतच तिचा रोजचा वापर मागे पडला.

त्यानंतर सेरोटोनिन, शरीरातला दाह, जनुकं, मेंदूची छायाचित्रं असं बरंच तपासलं गेलं. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या गटांत सरासरी फरक दिसतात. पण समोरच्या एका माणसाबद्दल खात्रीने सांगणारी खूण रोजच्या दवाखान्यात अजून आलेली नाही. नैराश्य हे बहुधा एका साच्यातलं दुखणं नाही, हेही त्याचं एक कारण. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते थायरॉइड, रक्तक्षय किंवा बी-१२ची कमतरता अशी दुसरी कारणं पाहण्यासाठी.

नेमका इथेच घराघरांत घोळ होतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, तुला काही झालेलं नाही,’ असं म्हणून विषय मिटवला जातो. त्या रिपोर्टने थायरॉइड ठीक असल्याचं सांगितलेलं असतं, मन ठीक असल्याचं नव्हे. अल-बल्खींकडे प्रयोगशाळा नव्हती. तरीही कारण न दिसणाऱ्या दुःखावर त्यांनी विश्वास ठेवला. उद्या पक्की खूण सापडली तर उत्तमच. तोवर दोन आठवडे झोप, भूक, उमेद हरवलेल्या माणसाला पुरावा न मागता डॉक्टरांकडे नेणं, एवढं तर आपल्याला जमायला हवं.