लाटणे, गाणे आणि आकडा

महागाईविषयी बोलायला अर्थशास्त्रज्ञच हवा, असे समजण्याचे कारण नाही. वाण्याच्या दुकानात उभा राहून जो पिशवीचा आणि पाकिटाचा मेळ घालतो, तो त्या शास्त्राचा पहिला धडा गिरवीतच असतो. त्याच धड्याचा एक जुना कित्ता आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. तो १९७२ ते १९७५ ह्या वर्षांतला आहे. त्यात एक लाटणे आहे, एक गाणे आहे आणि एक आकडा आहे.

प्रथम लाटणे. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते ह्यांचे पक्ष सारे एक नव्हते. परंतु धान्य, तेल, साखर ह्यांच्या प्रश्नावर त्या एकत्र आल्या. एरवी मोर्च्याच्या वाटेला न जाणाऱ्या गृहिणी हातात लाटणे घेऊन, थाळ्या बडवीत रस्त्यावर उतरल्या. ह्या निशाणीत मोठा अर्थ होता. पगार बहुधा पुरुषाच्या हाती येई. तो महिनाअखेरपर्यंत पुरवावा कसा, हे कोडे मात्र लाटणे धरणाऱ्या हातालाच सोडवावे लागे. भाव चढला की प्रथम तिच्या ताटातली पोळी कमी होते. सरकारी आकडा मागाहून निघतो.

हे भाव चढले कशाने? कारण एक नव्हते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले आणि वर्षअखेर युद्ध झाले. सरकारचा खर्च वाढला. १९७२ चा पावसाळा फसला आणि महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. १९७३ मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. तो प्रयोग पुढच्याच वर्षी सोडून द्यावा लागला. त्यातच ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. माल थोडा, पैसा फार आणि वाहतूक महाग. मग भाव चढू नयेत तर काय व्हावे?

आता गाणे. १९७४ साली मनोजकुमार ह्यांचा ‘रोटी कपडा और मकान’ हा चित्रपट आला. त्यातली महागाईवरची कव्वाली वर्मा मलिक ह्यांनी लिहिली आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्यांनी तिला चाल दिली. लोकांनी ती उचलून धरली, कारण ती त्यांच्याच घरची गोष्ट होती. चित्रपटाला खलनायक लागतो, आणि साठेबाज त्या जागी शोभून दिसतो. साठेबाज खोटा नव्हे. पण उद्या भाव वाढणार अशी खात्री पटली की व्यापारी पोती अडवून ठेवतो आणि आपणही दोन किलो साखर जास्त घेऊन डबा भरतो. दोघांच्या हेतूंत आणि नफ्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाजारावर दाब मात्र दोघांचाही एकाच दिशेने पडतो. भीती स्वतःच भाव वाढविते. म्हणून रेशनच्या दुकानात वाजवी भावाने पुरेसा माल मिळाला पाहिजे, ही मागणी निव्वळ दयेची नसते. उद्याही मिळेल असा भरवसा आला की आज साठवण्याची घाई ओसरते.

राहिला आकडा. १९७४-७५ साली घाऊक किमतींचा निर्देशांक सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. जुलै १९७४ मध्ये सरकारने वाढीव महागाईभत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत ठेवविला, पतपुरवठा आवळला. पुढे पाऊसही चांगला झाला. १९७५-७६ साली निर्देशांक किंचित उतरला. महागाई संपली! पण हिशेब करून पाहा. शंभराची वस्तू सव्वाशेवर गेली आणि तिथेच थांबली, तर महागाईचा दर शून्य होतो. वस्तू काही शंभराला मिळत नाही. ज्याचे वेतन सव्वाशे झाले तो तरला. ज्या शेतमजुराला भत्ता ठाऊकच नाही, किंवा ज्या वृद्धाचे उत्पन्न ठरीव व्याजाचे आहे, त्याचे पंचवीस रुपये कायमचेच गेले.

२०१६ पासून आपल्या देशात महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के ठरविलेले आहे, वरखाली २ टक्क्यांची मुभा ठेवून. ठरविले हे चांगलेच झाले. मात्र ‘महागाई घटली’ असा मथळा वाचाल, तेव्हा दोन प्रश्न स्वतःला विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे. भाव उतरले, की चढण्याचा वेग तेवढा मंदावला? आणि दरम्यान कोणाच्या ताटातली पोळी कमी झाली? पहिल्याचे उत्तर निर्देशांकात सापडेल. दुसऱ्यासाठी मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभे राहावे लागेल.